आधी पाणी, मग नाव

दीक्षाभूमी त्या दिवशी बंद नव्हती. ती बंद आहे असं मी एका बाईंना सांगितलं. त्या आमच्या पाहुण्या होत्या, ओडिशातून आल्या होत्या, आणि बसच्या खिडकीतून तो पांढरा घुमट दिसताच त्यांनी माझ्याकडे पाच मिनिटं मागितली होती. मी हातात माईक धरून ड्रायव्हरशेजारी उभा होतो. ‘आज बंद है, मैडम,’ म्हणालो. बस पुढे गेली. किती सहज तोंडातून आलं ते, याचंच मला नंतर जास्त वाईट वाटत राहिलं.

पण चूक त्या बाईंपुरती असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर नागपूरमधल्या आमच्या वस्तीत, माझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या कोपऱ्यावर त्या बसची वाट पाहत उभे होते. बस येणार, असं त्यांना मीच सांगितलं होतं.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. त्या वर्षी हिवाळ्यात भूगोलाच्या शिक्षकांची एक परिषद आमच्या कॉलेजात भरली. देशभरातून प्रतिनिधी येणार होते. स्वागत समिती झाली, आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘शहराची ओळख सरच करून देतील. भाषण आणि सहल, दोन्ही. त्यांच्याइतकं नागपूर इथे कोणाला माहीत आहे?’ मी संकोचल्यासारखं केलं, पण आतून सुखावलो होतो.

तेव्हा मी धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होतो. आजही राहतो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली आणि नातवात गुंतली. मी तिला परत बोलावलं नाही आणि तीही आली नाही; भांडण काहीच नाही. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की घरात तेवढाच काय तो आवाज. अशा माणसाला एखादी समिती मिळाली की तो तिच्यात बुडून जातो. महिनाभर मी शहराचे जुने नकाशे काढून बसलो. गोंड राजानं वसवलेली वस्ती, मग भोसल्यांची राजधानी, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी, आणि राज्यं नव्यानं आखली गेल्यावर एका रात्रीत राजधानीपण गेलेलं शहर. आता हिवाळी अधिवेशनापुरते रस्ते डांबरी होतात, दुभाजकांना रंग लागतो, आणि मंत्र्यांच्या गाड्या परत गेल्या की पुन्हा आम्ही आणि आमची धूळ. हे सगळं मी भाषणात घातलं. संत्री घातली, सावजी रस्सा घातला, तर्री-पोहे घातले. इंग्रजांनी अंतरं मोजायला रोवलेला शून्य मैलाचा दगड तर भूगोलवाल्यांसाठी होताच.

एका रविवारी बाबांकडे गेलो तेव्हा हे त्यांना सांगितलं. बाबा गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली, आई गेली, तरी ते वस्तीतलं दोन खोल्यांचं घर सोडत नाहीत. खाटेवर बसून ते लसूण सोलत होते.

‘पाहुणे येऊन राहिले म्हणते? कुठून कुठून?’

‘सगळ्या देशातून, बाबा.’

‘त्यायले दीक्षाभूमी दाखवशीन ना?’

‘दाखवीन ना.’

‘मंग तिथून आपल्याकडं आणजो. एक चहा पाजू.’

‘बघू, बाबा. बस मोठी आहे…’

‘बघू नको म्हणू गा. हो म्हण, नाई तं नाई म्हण. पाह्यण्याच्या बाबतीत बघू नसते.’

‘हो,’ मी म्हणालो.

मी हो म्हणालो तेव्हा मनापासून म्हणालो होतो. एवढं मला माझ्या बाजूनं सांगू द्या.

पाहुण्यांचं आमच्या घरात काय आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे आजोबा लहानपणी एका गावात तहानलेले असताना विहिरीवर गेले. पाणी शेंदणाऱ्यानं आधी विचारलं, कोणाचा तू? आजोबांनी खरं सांगितलं आणि तसेच कोरड्या तोंडानं परत आले. पुढे ते नागपुरात आले, गिरणीला लागले. छप्पन साली दसऱ्याला जेव्हा लाखो माणसं बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला या शहरात आली, पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं दारात पाण्याची भांडी मांडली. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. हातात पितळी तांब्या घेऊन ते येणाऱ्याला पाणी देत होते, आणि आजोबांनी त्यांना एकच शिकवलं होतं: आधी पाणी, मंग जेवण, मंग नाव. नाव नाई सांगतलं तरी चालते. तेव्हापासून दर दसऱ्याला लोक दीक्षाभूमीला येतात आणि आमच्या गल्लीत पंगत बसते. बाबा कोणालाही ताटावरून उठेपर्यंत काही विचारत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगातच अशी पद्धत असेल.

तशी ती नसते, हे मला नोकरी लागल्यावर धरमपेठेत भाड्याची खोली शोधताना कळलं. घरमालक प्रेमळ होते. चहा दिला. मग आडनाव विचारलं, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही…’ असं म्हणून वाक्य अर्धंच ठेवलं. मी ते पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या त्या खोलीत राहायला येणार असल्याचं त्यांना आठवलं. त्यानंतर मी वाक्यं पूर्ण करणं सोडून दिलं. माझ्या आडनावावरून काही नक्की कळत नाही. लोक जे समजतील ते समजू द्यायचं. स्टाफरूममध्ये बाबांचा फोन आला की ते आमच्यातला नमस्काराचा शब्द म्हणतात, मोठ्यानं, गिरणीतल्या माणसासारखं. उलट तोच शब्द म्हणायचा असतो. मी ‘हं, बाबा’ म्हणतो. इतकी वर्षं ते ऐकून घेतात. कधी बोलले नाहीत.

परिषदेच्या आधीच्या बैठकीत मी फळ्यावर सहलीचा मार्ग लिहिला. शून्य मैल, सीताबर्डीचा किल्ला बाहेरून, महाल, इतवारीतून एक फेरी, मग जेवण. खडू हातात होता. पुढचा शब्द, दीक्षाभूमी, मला लिहायचा होता, आणि त्यापुढे ‘चहा, उत्तर नागपूर’ असं. मॅडमनी विचारलं, ‘झालं? काही राहिलं का यात?’

टेबलाभोवती सगळे ओळखीचे चेहरे होते. कोणी हसलं नसतं, कोणी भुवईही उंचावली नसती. मला वाटलं फक्त एवढंच, की हा शब्द मी लिहिला तर या लोकांच्या डोक्यात माझं अर्धं वाक्य आपोआप पूर्ण होईल. आणि चहाला घरी नेलं तर मग काही उरलंच नाही.

‘नाही मॅडम, एवढंच,’ म्हणालो आणि हात झटकले.

उद्घाटनाचं भाषण छान झालं. ‘आमचं शहर आता राजधानी नाही,’ मी म्हणालो, ‘पण राजधानीची एक सवय अजून सुटलेली नाही. नागपूरचा माणूस पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाही.’ खूप टाळ्या पडल्या. मी खाली वाकून अभिवादन केलं, तेव्हा छातीवरचा बिल्ला लोंबकळत पुढे आला. त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात होतं. पाहुण्यांच्या गळ्यातही तसेच बिल्ले होते. सकाळी दारातच त्यांना नाव विचारून, नोंद करून, मगच नाश्त्याचं कूपन दिलं होतं.

बाबांना मी बेत बदलल्याचं कळवलं नाही. रोज ठरवत होतो आज सांगू. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण सोडून दुसरं मला सुचत नव्हतं.

बस इतवारीतून निघाली ती हातगाड्या आणि टेम्पोंत अडकत अडकत. पाहुणे खूश होते, भांड्यांच्या दुकानांचे फोटो काढत होते. जेवण वर्धा रोडवरच्या हॉटेलात होतं. ड्रायव्हरनं आपल्या सोयीनं नेमका दीक्षाभूमीवरून जाणारा रस्ता धरला. घुमट दिसू लागला तेव्हा मी माईकवर संत्र्यांच्या बागांबद्दल बोलत होतो. तेवढ्यात त्या बाई उठल्या. साध्या सुती साडीतल्या, साठीच्या आसपासच्या. आसनाची कड धरत धरत पुढे आल्या.

‘सर, ये वही जगह है ना? पाँच मिनट रुकेंगे? मेरी माँ ने बोला था, नागपुर जाओगी तो वहाँ माथा टेकना.’

मी जे सांगितलं ते वर लिहिलंच आहे. त्या ‘अच्छा’ म्हणाल्या, परत जागेवर गेल्या आणि खिडकीकडे तोंड करून हात जोडून बसल्या, घुमट झाडांमागे जाईपर्यंत. फाटक उघडं होतं. माणसं आत-बाहेर करत होती. त्यांना ते दिसलं असणारच.

मग माझ्या खिशातला फोन थरथरला. बाबा. फोन माईकजवळ असल्यानं घरघर सगळ्या बसभर ऐकू गेली, आणि मागून कोणीतरी हिंदीत गंमत केली, ‘सर, घर से बुलावा आया है!’ सगळे हसले. मीही हसलो, फोन बंद करून टाकला.

हॉटेलात सावजी रस्सा होता. पाहुण्यांना झेपावा म्हणून तिखट अर्धं केलेलं. खरा सावजी कसा असतो, डोळ्यांतून पाणी कसं येतं, हे मी टेबलांमधून फिरून सांगत होतो.

बाबांकडे जायला मी पुढचा रविवार उजाडू दिला. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या वहिनी भेटल्या. त्या नळावर बादली भरत होत्या.

‘काहून जी भाऊ, तुमचे पाह्यणे हवेत उडून गेले का?’

मी स्कूटर बंद करून उतरलो.

‘आमच्या घरच्या साऱ्या खुर्च्या नेल्या होत्या तुमच्या बाबानं. विहारातल्या कपबश्या आणल्या. अन् स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर हुभे, उन्हात. म्या म्हटलं, बाबाजी, मोठ्या लोकायची बस आपल्या गल्लीत शिरत नसते. तं मलेच रागावले! म्हणते, पोराचा शब्द आहे.’ बादली उचलून त्या हसल्या. ‘मंग काय, गंजभर चहा साऱ्या मोहल्ल्यानं पेला. लेकरायले झोप नाई आली.’

त्या हे टोमणा म्हणून बोलत होत्या की गंमत म्हणून, मला कळलं नाही. मला बादलीतल्या पाण्याकडे बघायलाही लाज वाटली.

बाबा खाटेवर होते. डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून पडलेले. त्यांना काचबिंदू आहे. माझी चाहूल लागली तसे उठून बसले आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, ‘पुलाचं काम चालू आहे म्हणते तिकडं. बस वळाले जागा नसन.’

आजही तो क्षण आठवला की वाटतं, त्यांनी माझ्यासमोर एक दार उघडून धरलं होतं. त्यातून मान खाली घालून निघून जाणं सोपं होतं.

‘हो बाबा,’ मी म्हणालो. ‘ऐन वेळी ड्रायव्हरनं रस्ता बदलला.’

‘असंच असते. ड्रायव्हर नेईन तिकडं माणूस जाते.’ मग थोड्या वेळानं, ‘पाह्यणे खूश होते ना?’

‘खूश होते.’

‘मंग झालं.’

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. रविवारी जात राहिलो, डॉक्टरकडे नेत राहिलो, औषधं आणत राहिलो. बोलायला आमच्याकडे औषधांच्या वेळांशिवाय काही उरलं नाही. परत येताना स्कूटरवर मला दर वेळी तोच प्रश्न पडायचा, की त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं का. फ्लॅटमध्ये येऊन कुलूप उघडायचं, दिवा लावायचा. बायकोचा फोन यायचा, ‘जेवलात का?’ मी हो म्हणायचो. हे तिलाही सांगितलं नव्हतं. परिषदेचे फोटो मात्र पाठवले होते.

पावसाळा संपला आणि एके दिवशी ओडिशाच्या त्या बाईंचा फोन आला. नंबर त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता. आईला घेऊन नागपूरला यायचं म्हणत होत्या.

‘सर, एक बात पूछनी थी. वो जगह हफ़्ते में किस दिन बंद रहती है?’

मी खिडकीशी उभा होतो. खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

‘बंद नहीं रहती, मैडम.’

‘पर उस दिन तो…’

‘उस दिन मैंने झूठ बोला था.’

त्या ‘अच्छा’ म्हणाल्या, अगदी बसमध्ये म्हणाल्या होत्या तसंच, आणि फोन ठेवला. त्या पुढे आल्या की नाही मला माहीत नाही. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. करायला हवा होता तो मीच, पण धीर झाला नाही. मात्र परक्या बाईला जे एका वाक्यात सांगता आलं, ते मी आपल्या माणसाला इतके महिने सांगू शकलो नव्हतो, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मानेवर बसली.

दसऱ्याला मी वस्तीत गेलो. गेली कित्येक वर्षं त्या दिवसांत मी घरात पेपर तपासत बसत असे. गर्दी असते, स्कूटर लावायला जागा नसते, अशी कारणं होती. त्या दिवशी स्कूटर लांब लावून चालत गेलो. रस्ता माणसांनी भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कडेवरची मुलं, डोक्यावर गाठोडी. आमच्या गल्लीत कापडी मांडव होता आणि त्याखाली सतरंज्यांवर पंगत बसत होती. बाबा कुठे दिसेनात. मी घराकडे वळणार तोच हातात पत्रावळींचा गठ्ठा घेतलेली एक नवी सून आडवी आली. ती मला ओळखत नव्हती.

‘बसा जी, बसा. घाई काहून करता?’

‘नाही, मी इथलाच…’

‘नाव-गाव मंग. पह्यले बसा!’

शेजारच्या म्हाताऱ्या माणसानं सरकून जागा केली. मी चपला काढून बसलो. माझ्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला झोपलेलं मूल मांडीवर घेतलेली एक बाई.

मग बाबा दिसले. पंगतीच्या टोकाशी, हातात पाण्याचा जग. काचबिंदूनं वर्षभरात त्यांची नजर फार नेली होती. त्यांना उजेड आणि आकार तेवढे कळत होते. तरी पाणी दुसऱ्या कोणाला वाढू देत नव्हते. प्रत्येकाच्या खांद्याला आधी हात लावायचे, माणूस कुठे आहे ते बघायला. मग गिलास शोधायचा, काठावर बोट ठेवायचं आणि बोटाला पाणी लागेपर्यंत ओतायचं. एक थेंब सांडत नव्हता.

ते जवळ येत गेले तसा मी गिलास त्यांच्या बाजूला सरकवला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. तो हात मी लहानपणापासून ओळखतो, गिरणीनं खरखरीत केलेला.

‘प्या,’ ते म्हणाले. ‘लांबून आले असान.’ आणि पुढच्या खांद्याकडे गेले.

मी पाणी प्यालो. वरण-भात आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. सगळं जेवलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘भाजी मस्त आहे, नाई?’ मी डोळे पुसत मान हलवली. त्याला वाटलं असेल तिखट लागलं, कारण त्यानं आपली बुंदी माझ्या पत्रावळीत सरकवली.

पंगत उठायला लागली. बाबा आता रिकाम्या हातानं फिरत होते, एकेकाशी बोलत. कुठचे, किती दिवस राहता, पाऊसपाणी कसं. माणसं नावं सांगत होती, गावं सांगत होती. मी उठलो नाही. ते माझ्यापर्यंत आले आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवला.

‘पोट भरलं?’

मी मान हलवली, ती त्यांना दिसली नसणार.

‘मंग आता सांगा पाह्यणे. कोण गाव? नाव काय?’

मी त्यांचा हात खांद्यावरच धरून ठेवला. आधी आमच्यातला नमस्काराचा शब्द म्हणालो, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्यांची बोटं माझ्या हातात घट्ट झाली.

‘बाबा, मी आहे. त्या दिवशी ड्रायव्हरनं रस्ता बदलला नव्हता. मीच तुमचं घर बसच्या रस्त्यातून काढलं. मले लाज वाटली, अन् तुमचा फोनही मीच बंद केला. तुम्ही उन्हात हुभे होते. माझं चुकलं, बाबा. मले माफ करा.’